तालुक्याच्या केबलवरील बातमीपत्र आणि ते तोलून धरणारा वार्ताहर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण पट्ट्यातील आमच्या तालुक्यात केबलची जोडणी ठेवण्यासारखे आता फारसे काही उरलेले नाही. मालिका आणि क्रिकेट मोबाईलवर दिसतात, घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या आहेत, आणि पावसाळ्यात वीज गेली की केबलही जाते. तरीही ही जोडणी ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण म्हणजे रोज संध्याकाळी लागणारे अर्ध्या तासाचे स्थानिक बातमीपत्र, आणि नेमके सांगायचे तर त्या बातमीपत्रासाठी शोधबातम्या करणारा एकच वार्ताहर. सारा तालुका त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून येथेही तसेच म्हणतो.

भाऊंचे काम लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगपासून सुरू झाले. 2007 च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या एकामागून एक आल्या, तेव्हा गावोगाव बातमीमागे मानधन घेणारे वार्ताहर नेमले गेले आणि भाऊ त्यांतले एक झाले. चित्रणाची कॅसेट एसटीच्या वाहकाकडे सोपवून नागपूरला पाठवायची, बातमी लागली तर पैसे मिळायचे आणि न लागली तर पेट्रोलही अंगावर पडायचे, असा तो काळ होता. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते आणि त्या काळात शेतकऱ्यांना दुधाळ गायीही वाटल्या गेल्या. वाटपाचे समारंभ सर्वांनी दाखवले. त्या गायींना वैरण कोठून आणली, दूध कोणी घेतले, किती गोठ्यांत त्या टिकल्या आणि कोणी त्या विकून टाकल्या, हे पाहायला भाऊ नंतर गावोगाव फिरले. मोठ्या वाहिनीला त्या बातमीत रस नव्हता, स्थानिक केबलने मात्र ती सलग काही दिवस दाखवली. तेव्हापासून भाऊ येथेच आहेत.

या सेवेचा दर्जा समजून घ्यायचा असेल तर कापसाच्या ओलाव्यावरील त्यांची बातमी पाहावी. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा प्रमाण मानला जातो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते, आणि 12 च्या वर कापूस परत पाठवतात. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, म्हणजे ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा एका टक्क्याने सरकला तरी शेतकऱ्याचे क्विंटलमागे 81 रुपये जातात. एका खरेदी केंद्रावर मीटर मुद्दाम जास्त दाखवतो, अशी तक्रार होती. दुसरा कोणी असता तर संतापलेल्या शेतकऱ्यांच्या चार प्रतिक्रिया घेऊन मोकळा झाला असता. भाऊंनी एकाच गाडीतील कापूस वरचा, मधला आणि तळाचा असा वेगवेगळा मोजून घेतला, तोच कापूस सकाळी दव असताना आणि दुपारी ऊन तापल्यावर पुन्हा मोजला, आणि दुसऱ्या मीटरवरही तपासला. तक्रारीतला काही भाग दवामुळे आणि गाडी रात्रभर उघडी राहिल्यामुळे होता, हे त्यांनी पडद्यावर सांगितले. उरलेला फरक मात्र मीटर कापसात कोठे खुपसला जातो यावर अवलंबून होता, आणि ते ठिकाण ग्रेडर, म्हणजे केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा माणूस, ठरवत होता. ही बातमी पाहून शेतकऱ्यांनी गाडी दुपारी लावायला आणि नमुना तीन ठिकाणचा घ्या असे म्हणायला सुरुवात केली. ज्यांच्याविरुद्ध बातमी आहे त्यांच्या बाजूचे जे खरे आहे तेही मांडण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पाणंद रस्त्याची, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेच्या कामाची, बातमी वेगळ्या जातीची होती आणि तिच्यात वेळ अधिक गेला. मुरमाचा थर किती टाकल्याचे कामाची मोजमापे नोंदवणाऱ्या सरकारी पुस्तिकेत लिहिले आहे, हे पाहण्यासाठी भाऊंनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. 2005 च्या कायद्याने 10 रुपये शुल्कात असा अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. उत्तर आले नाही तर पहिले अपील, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आमच्याकडची दुसरी अपिले अमरावतीच्या खंडपीठात जातात, आणि तेथे सुनावणीला किती काळ लागेल याचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे रस्ता वाहून गेल्यानंतर पुढच्या पेरणीला ही बातमी लागली. एका हातात पुस्तिकेची साक्षांकित प्रत आणि दुसऱ्या हातात टेप, असे भाऊ ठिकठिकाणी खड्डा खणून थर मोजत गेले. आवाज चढवला नाही, कोणाला चोर म्हटले नाही. लिहिलेला आकडा आणि टेपवरचा आकडा शेजारीशेजारी दाखवला. गावातील माणसांची वऱ्हाडी बोली त्यांनी छापील मराठीत बदलून घेतली नाही, याचाही मला आनंद वाटला.

2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा देशभरातून कॅमेरे यवतमाळच्या रुग्णालयात आले आणि परत गेले. त्यानंतरच्या हंगामांत कृषी केंद्रांवर हातमोजे आणि मास्क खरोखर मिळतात का, हे दरवर्षी जाऊन विचारणारा कॅमेरा आमच्या तालुक्यात भाऊंचाच आहे.

आता या सेवेतील उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. केबलचालक भाऊंना ठरलेला पगार देत नाही. त्यांनी आणलेल्या जाहिरातींवर त्यांना टक्केवारी मिळते. ज्या कृषी केंद्रावर सोमवारी बातमी करायची, त्याच्याकडेच दिवाळीची जाहिरात मागायला जायचे, ही रचना कोणत्याही प्रामाणिक माणसाला आतून पोखरणारी आहे. बोगस बियाण्यांवरील एका मालिकेचा पुढचा भाग उद्या दाखवू असे सांगून तो कधीच दाखवला गेला नाही, आणि प्रेक्षकांना त्याचे कारणही दिले गेले नाही. त्या जागी नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. भाऊंना मी याबद्दल दोष देत नाही. जोडणीचे पैसे आमच्याकडून दरमहा घेणाऱ्या चालकाला देतो. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर ती संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असावी आणि कार्यक्रमांचे चित्रण 90 दिवस जपावे, असे केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 90 दिवस ही तर किमान मर्यादा झाली. कापसाची किंवा पाणंद रस्त्याची बातमी पुढच्या हंगामात पुन्हा पाहता आली पाहिजे, आणि तशी कोणतीही सोय आज नाही.

दुसरी गोष्ट भाऊंच्या सुरक्षिततेची. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 साली संमत केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मात्र त्याचा आधार घ्यायचा तर आपण पत्रकार आहोत हे आधी दाखवावे लागते, आणि ज्याच्याकडे नियुक्तिपत्रच नाही तो काय दाखवणार? वाळूच्या घाटांवर रात्री एकट्याने जाणाऱ्या या माणसाला चालकाने एक लेखी पत्र, अपघात विमा आणि ठरावीक मानधन द्यावे, ही मागणी आम्ही ग्राहकांनी वसुलीला येणाऱ्या मुलाकडे नव्हे तर थेट कार्यालयात लेखी करायला हवी. जोडणीचे मासिक शुल्क त्यासाठी थोडे वाढले तरी ते मी आनंदाने भरेन.

ज्यांना भाऊंकडे तक्रार न्यायची आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. ते सकाळी शेतात किंवा कचेरीत असतात. संध्याकाळचे बातमीपत्र संपल्यावर केबलच्या कार्यालयात निवांत भेटतात. तोंडी सांगितलेले ते ऐकून घेतात, पण काम कागदावरच सुरू करतात. सातबारा, पावत्या, मोजणीचे उतारे, जे असेल त्याच्या छायाप्रती न्याव्यात आणि मूळ कागद घरीच ठेवावेत. आपले नाव पडद्यावर नको असेल तर तसे पहिल्याच भेटीत सांगावे, ते पाळतात.