चौदा महिन्यांनी सोल सुटला, पण माझं भांडण जिभेशी आहे

एप्रिलमध्ये सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उजव्या बुटाचा सोल पुढून उचकटला. फटफट आवाज करत, वर सुतळी बांधून गाडीपर्यंत आलो. ५,२०० रुपयांचा, शिकाऱ्यांसाठीचा बूट! खोक्यावर बंदूक घेतलेला शिकारी. आपल्याकडं १९७२च्या कायद्यानं शिकार बंद. मी आपला दुर्बिणीतून काळविटं बघणारा माणूस. पण डोंगरात शिकाऱ्याला पुरतो तो मला जन्मभर पुरेल, असा हिशेब केलेला.

दुकानदार म्हणाला, वॉरंटी सहाच महिने. कंपनीला फोटो, बिल, परत फोटो पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: वापरामुळे झीज. मग बूट काय देव्हाऱ्यात ठेवायचा होता?

शेवटी नवी पेठेतल्या चांभाराकडं गेलो. त्यानं डिंक नखानं खरवडून बघितला. "मालक, उन्हात वाळवत होता का?" मी गप्प. दर वेळी धुऊन गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवायचो, आणि आपल्या एप्रिलमधला पत्रा म्हणजे तवाच. तेव्हा कंपनीला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो.

१८० रुपयांत दोन्ही सोल कडेनं शिवून मिळाले. सुई आतल्या वॉटरप्रूफ थरातून गेली, म्हणजे ते वैभव संपलं. दुःख नाही. गेल्या जुलैत गुंजवण्यातून चोर दरवाज्यानं राजगड चढताना पाणी घोट्यावरून आत शिरलं ते दिवसभर आतच राहिलं, चुबुक चुबुक. वॉटरप्रूफ बूट आत गेलेलं पाणीही सोडत नाही. ओल्या कातळावर टणक सोल घसरत होता, आणि मित्र ॲक्शनच्या स्वस्त बुटात पुढं निघून गेला. मात्र एक नंबर मोठा घेतल्यामुळं उतरताना अंगठे पुढं आपटले नाहीत, घोटाही एकदा मुरगळता मुरगळता वाचला. ते श्रेय बुटाचंच. थंडीबद्दल सोलापूरकरानं काय लिहावं!

आता जीभ. लेसखालची ती पट्टी दोन्ही कडांना वरपर्यंत शिवलेली नाही, फट राहते. दिवाळीनंतर माळावर कुसळी गवत वाळलं की त्या फटीतून कुसळं थेट मोज्यात. कुसळाची शेपटी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, शेपटी फिरते आणि टोक आत घुसत जातं. घामेजलेला मोजा म्हणजे त्याला आमंत्रणच. एका सकाळी तेवीस काढली, चिमट्यानं. बायकोनं जुन्या जीन्सचे पाय कापून गेटर, म्हणजे बुटावरून पिंडरीपर्यंत चढवायची आवरणं, शिवून दिले. कुसळं थांबली, पण पिंडऱ्या उकडून निघाल्या. पाच हजारांच्या बुटात दोन बोटं कातडं वाचवून यांनी काय कमावलं?

चांभारानंच उपाय काढला. जिभेच्या दोन्ही बाजूंना मऊ कातड्याचे दुमडते तुकडे, साठ रुपये. चाळीसला तोडलं. दिवाळीनंतर नान्नजला जाऊन आलो की कळेल. बूट आता जिन्याखाली वाळतात, आत वर्तमानपत्र कोंबून.