किलीफिश ठेवताय? मग साधा स्पंज फिल्टरच घ्या

माझ्याकडे दोन फुटी टाकीत गार्डनेरी किली, म्हणजे किलीफिश या छोट्या रंगीत माशांची एक जात, आहेत आणि त्यांच्यासाठी मी हवेवर चालणारा दोन स्पंजांचा फिल्टर वापरते. डोंबिवलीतल्या ॲक्वेरियमच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांत मिळतो, एअर पंप वेगळा घ्यावा लागतो. मागे टांगायचा मोटरवाला फिल्टरही मी वापरून बघितला आहे. किलीसाठी स्पंजवालाच उजवा, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

गार्डनेरी मूळचा नायजेरिया आणि कॅमेरूनचा, संथ ओढ्यांत आणि पाणथळीत राहणारा. बोटाएवढा मासा, पण नर पाहाल तर डोळे निवतात: निळसर हिरवं अंग, त्यावर लालभडक ठिपके, परांना पिवळी किनार. मोटरच्या फिल्टरने पाणी घुसळलं की हे मासे दिवसभर कोपरा धरून बसतात. स्पंजच्या बुडबुड्यांनी पाणी फक्त हलतं. स्पंज फिल्टर टाकीत सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी नर परं फुलवून मादीच्या मागे फिरायला लागला, तेव्हाच माशांना हा बदल मानवल्याचं मला कळलं.

खरा फायदा पिल्लांच्या वेळी होतो. अंडी घालायला मी गडद हिरव्या ॲक्रेलिक लोकरीचा झुपका बुचाला बांधून सोडते. मादी त्या धाग्यांत एकेक अंडं चिकटवते. अंडं मोहरीएवढंही नसतं, पण कवच चांगलं टणक, चिमटीत धरून काढता येतं. ती काढून उथळ डब्यात पाण्यात ठेवायची आणि पांढरी पडलेली रोज बाजूला करायची. दोन-तीन आठवड्यांत चांगल्या अंड्यांत डोळे चमकायला लागतात आणि पिल्लं बाहेर येतात. पिल्लांच्या टाकीत स्पंज फिल्टर असला की ती ओढली जाण्याची भीती नाही. उलट पहिल्या दिवसापासून ती स्पंजला तोंड लावून त्यावरचे सूक्ष्म जीव टिपत असतात. ताज्या फुटलेल्या आर्टेमियाच्या (कोळंबीसारखे बारीक जीव, पिल्लांचं खाणं) दोन वेळांच्या मध्ये त्यांची ही चरण्याची सोय होते.

आता उणीव सांगते. याच्याबरोबर येणारी रबरी चकती फार दिवस काच धरत नाही. बुडाला वजन असलेला फिल्टर मिळाला तर तोच घ्या. नवा स्पंज तरंगतो, तो पाण्याखालीच चार-पाच वेळा पिळून आतली हवा काढावी लागते. आणि पंपाची घरघर रात्री जाणवते, पंपाखाली जाड फडकं ठेवलं की ती कमी होते.

पंपाबरोबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे नळीतून पाणी उलटं येऊ न देणारी छोटी झडप, घ्यायलाच हवा. किंमत दहा-वीस रुपये. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि पंप टाकीच्या पातळीखाली असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं खाली येतं. दुकानदार तो आपणहून देत नाहीत, मागून घ्या.

स्वच्छतेचं एकच पथ्य आहे, ते मात्र पाळाच. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजात वसलेले असतात, नळातल्या क्लोरीनने ते मरतात. पाणी बदलताना काढलेलं टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात हलक्या हाताने पिळायचा. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. पिळण्याआधी बोटाने चाचपून बघा, कधीकधी त्यालाही अंडी चिकटलेली सापडतात. मी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते. ते क्लोरीन उतरवूनच घालते.

मे महिन्यात आमच्या घरात टाकी तिशीच्या वर जाते. गार्डनेरीला बावीस ते सव्वीस अंश मानवतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. त्या दिवसांत मी हवा वाढवते आणि दुपारी झाकणाजवळ छोटा पंखा लावते.

झाकण हवंच, कारण किली उड्या मारण्यात पटाईत. नळी आत येते त्या कोपऱ्यातली फटसुद्धा त्यांना पुरते. नळीभोवती जुन्या स्पंजचा तुकडा घट्ट बसवा, हवाही खेळती राहते आणि मासाही आतच राहतो.