पिवळी पिन की तीन रंगांची केबल?

सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या सुट्टीत माळ्यावरचा २१ इंची डबा टीव्ही खाली उतरवला आणि गेम खेळायचा प्लेस्टेशन २ कन्सोल जोडला. आधी पिवळी पिन, म्हणजे कॉम्पोझिट केबल. तिच्यात रंग आणि उजेड एकाच तारेतून येतात, टीव्ही ते परत वेगळे करतो आणि तिथंच घोळ होतो. गेममधल्या लाल जर्सीचा रंग बाहेर सांडतो, बारीक अक्षरांच्या कडेनं मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

मग नवी पेठेतून रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून नेणारी कॉम्पोनंट केबल आणली. हिरवी, निळी, लाल. (लाल पिना दोन असतात, एक आवाजाची. मी नेमकी तीच चित्राच्या भोकात खुपसली. पोरगा म्हणाला, "काय बे बाबा!") कन्सोलच्या सेटिंगमध्ये आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगळा पाठवायची पद्धत) असेल तर रंग भलतेच येतात, ते आधी बदला. त्यानंतर मात्र स्कोअरचा आकडा न् आकडा लख्ख.

टीव्हीला मागं ती भोकं असतील तर मी डोळे झाकून कॉम्पोनंटच घेईन. फक्त सेगा कंपनीच्या जुन्या १६-बिट कन्सोलला (मेगा ड्राइव्ह) पिवळी पिन शोभते. तिथल्या गेममधले काही धबधबे उभ्या पट्ट्यांनी काढलेत, पिवळ्या पिनेत त्या विरघळून पाणी पारदर्शक वाटतं. स्वच्छ चित्रात नुसती जाळी दिसते.