लिथियमयुक्त अभ्रकाची जागेवरची ओळख: एक्सआरएफ की ज्योत?

जांभळे अभ्रक म्हणजे लेपिडोलाइट, म्हणजेच लिथियमयुक्त अभ्रक, ही समजूत पेग्मटाइटच्या (भरड स्फटिकांच्या अग्निज खडकाच्या) शिरेवर फार काळ टिकत नाही. तो रंग मँगनीजमुळे येतो. लेपिडोलाइट करडे-पांढरेही सापडते आणि नाममात्र लिथियमचे मस्कोव्हाइट, म्हणजे नेहमीचे साधे अभ्रकही गुलाबी असू शकते. म्हणून क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्ये ओळखणारे, हाती धरायचे एक्सआरएफ यंत्र न्यावे, की ज्योतीचा रंग पाहण्यासाठी छोटा गॅस बर्नर आणि प्रकाशाच्या रंगरेषा वेगळ्या दाखवणारा, खिशात मावणारा वर्णपटदर्शक, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

लोहखनिजाच्या कामामुळे गोव्यातील आम्हा अनेकांचा हात एक्सआरएफवर बसलेला आहे, त्यामुळे कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील पेग्मटाइट पाहायला जाताना मी पहिल्यांदा तेच नेले. त्याचा वेग निर्विवाद आहे, आणि पोटॅशियम-रुबिडियमच्या गुणोत्तरावरून शिरेत लिथियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्ये कितपत साठली असतील याचा अंदाजही चांगला येतो. मात्र लिथियमचा अणुक्रमांक 3. त्याचे क्ष-किरण इतके क्षीण असतात की यंत्राला ते दिसतच नाहीत. रुबिडियम बहुधा लिथियमच्या सोबतीने वाढते, म्हणून आपण वाचतो ते रुबिडियम आणि मानतो ते लिथियम. त्या फेरीत रुबिडियमचे आकडे पाहून मी पोतेभर नमुने आणले आणि प्रयोगशाळेच्या अहवालात त्यांतले बरेचसे रुबिडियमने समृद्ध, पण लिथियम जेमतेम असलेले मस्कोव्हाइट निघाले. मनातून ती रुखरुख अजून गेलेली नाही.

ज्योतीचा त्रास वेगळ्या प्रकारचा आहे. आपल्या दमट हवेत बोटांना घाम असतोच आणि त्यातील सोडियमची पिवळी झळाळी लिथियममुळे ज्योतीला येणारा किरमिजी रंग झाकून टाकते. सोडियमचा पिवळा रंग अडवायला वापरतात ती कोबाल्टची निळी काच येथे कामाची नाही, कारण ती लिथियमचा लाल रंगही अडवते. म्हणून पापुद्रा चिमट्यानेच सोलावा, सावलीत आणि वाऱ्याकडे पाठ करून जाळावा, आणि वर्णपटदर्शकातून पाहावे: 589 नॅनोमीटरची पिवळी रेषा कितीही प्रखर असली तरी 671 जवळची लाल रेषा तिच्यापासून स्वच्छ वेगळी दिसते. शिवाय लेपिडोलाइट फुगून फेसाळत सहज वितळते, तर मस्कोव्हाइटच्या कडा जेमतेम वितळतात. झिनवाल्डाइट या लोहयुक्त लिथियम-अभ्रकाचा वितळून झालेला मणी काळपट आणि किंचित चुंबकीय होतो. रुबिडियम हे मूलद्रव्यच 1861 मध्ये बुन्सेन आणि किर्खहॉफ यांना लेपिडोलाइटमध्ये वर्णपटाच्याच साहाय्याने सापडले होते, हे मला येथे आवर्जून आठवते.

लिथियम थेट मोजणारे लेझरचे यंत्रही मिळते, परंतु त्याची किंमत आणि आर्गॉनची सोय एकट्या हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची वाटते. एका दिवसात शेकडो नमुने चाळायचे असतील किंवा टँटलमही शोधायचे असेल, तर एक्सआरएफ नेणेच बहुधा सोयीचे ठरेल. ज्योतीने टक्केवारी कळत नाही, हेही मान्य. तरी समोरच्या अभ्रकात लिथियम आहे की नाही एवढेच पाहायचे असते, तेव्हा पहिल्या फेरीला मी यंत्र मडगावच्या घरी ठेवतो आणि चिमटा दोनदा पुसून पिशवीत टाकतो.