ट्रकला पार्किंग कॅमेरा बसवताना मी कसा फसलो

माझं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. गाडी एकच, सहाचाकी, आणि चालवतो मीच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, तेव्हा माझा टिप्पर दारात उभा राहून गंजला. तो मिळेल त्या भावाला विकला, कर्ज काढून ही गाडी घेतली आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतला माल बेळगाव-कोल्हापूरला न्यायला लागलो. आमच्याकडे अशा एकएकट्या गाडीचे मालक पुष्कळ आहेत. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाचं भाडं गेलं, हप्ता मात्र चुकत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जूनच्या शेवटी उसगाव-तिस्कला रात्री गाडी लावून झोपलो होतो. बाहेर मुसळधार पाऊस. सकाळी पाहतो तर टाकीचं झाकण तोडलेलं आणि ७० लिटरच्या आसपास डिझेल गेलेलं. पोलिसांत सांगितलं, पण दाखवायला काही नव्हतं. त्याच आठवड्यात ठरवलं, की गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा बसवायचा. एक पुढे काचेला, एक टाकीच्या बाजूला.

शहरातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. दुकान मोठं, बाहेर गाड्यांची रांग. मालकाने हिशोब सांगितला: दोन तोंडांचा कॅमेरा ६,५००, १२८ जीबीचं कार्ड १,८००, हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडायचं) २,००० आणि मजुरी १,५००. एकूण ११,८००. मी विचारलं, "रात्रभर चालू राहिला तर बॅटरी उतरणार नाही ना?" त्याने किटचा खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "कायच जावचें ना, पात्राव. कट-ऑफ आसा. सात दिवस गाडी उभी ठेवा." म्हणजे काही होणार नाही, बॅटरी उतरायला लागली की किट आपोआप कॅमेरा बंद करतं. खोक्यावर खरंच कट-ऑफ लिहिलेलं होतं. मग म्हणाला, दीड तास लागेल, तोवर चहा घेऊन या.

मी चहाला गेलो. सगळं चुकलं ते तिथेच.

परत आलो तेव्हा कॅमेरा काचेला चिकटलेला होता, टाकीकडचा दुसरा कॅमेराही लागला होता, डॅशबोर्डचं झाकण स्क्रू मारून बंद होतं. दुकानातल्या पोराने किल्ली काढून दाखवली. लाल दिवा लुकलुकतच राहिला. मला वाटलं, काम झालं. बिल म्हणून चिठ्ठी मिळाली: 'कॅमेरा फिटिंगसहित ११,८००'. जीएसटी नंबर नाही, किटचं नाव नाही, कार्डाची कंपनी नाही. पावसात घाई होती, चिठ्ठी खिशात घातली.

तीन आठवड्यांनी वेर्ण्याला पहाटे चार वाजता सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. शेजारच्या गाडीवरून जंपर लावून निघालो आणि थेट त्याच दुकानात गेलो. मालकाने बॅटरीला मीटर लावला, मान हलवली. "बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, कॅमेऱ्याचा दोष नाही." बॅटऱ्या अडीच वर्षांच्या होत्या, त्यामुळे मला पटलं. जुन्या परत देऊन नवी जोडी घेतली, वरून १८,६०० मोजले. आज विचार केला की छातीत कळ येते. त्याच्याच पोराने केलेल्या कामाने बॅटरी मारली आणि मारलेल्या बॅटरीच्या जागी त्यानेच मला नवी विकली.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात माल घेऊन वेर्ण्यात रांगेत उभा होतो. रात्री कोणी तरी गाडी मागे घेताना माझा डावा हेडलाइट आणि बंपर चेपून निघून गेला. या वेळी मी घाबरलो नाही, कॅमेरा होता ना! कार्ड काढून भाच्याच्या लॅपटॉपमध्ये घातलं. फायली ओळीने दिसत होत्या, तारीख-वेळेसकट. त्या रात्रीची एकही उघडली नाही. भाच्याने कार्ड रिकामं करून मोठ्या फायलींनी भरलं आणि त्या परत वाचून पाहिल्या. १६ जीबीच्या अलीकडेच सगळं संपलं. त्यापुढे लिहिलेलं काहीच वाचता येईना. वर छापलेलं १२८, लॅपटॉपलाही दिसतं १२८, आत खरी जागा १६ची सुद्धा पूर्ण नाही. अशी कार्डं बाजारात सर्रास आहेत. जागा संपल्यावर कॅमेरा तक्रार करत नाही, कारण कार्ड त्याला खोटंच सांगत असतं. साध्या हिशोबाने एका मिनिटाला १०० एमबी धरले तर १२८ जीबीत वीस-एकवीस तास मावायला हवेत. माझ्याकडे अडीच तास मावत होते, आणि पुढचं सगळं हवेत जात होतं.

मी दुकानाला फोन केला. "कार्डाची गॅरंटी नसते," म्हणून फोन ठेवला.

चवथीला गाडी सात दिवस दारात होती. आठव्या दिवशी किल्ली फिरवली तर तेच, नुसती टिकटिक. बॅटरी महिन्याभराची. आता मात्र मी त्या दुकानात गेलो नाही. साखळी गावात एक वयस्कर वायरमन आहेत, आमच्या टिप्परांच्या काळापासून ओळखीचे. त्यांना काका म्हणतो. ते घरी आले, बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "हें कोणें केलां?"

हा भाग नीट वाचा, कारण गाडीवाल्याच्या डोळ्यांना हे एरवी दिसत नाही.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट होतात. खरं किट २४ वर चालतं, आतमध्ये ते ५ व्होल्ट करतं आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की कॅमेरा बंद करतं. माझ्या गाडीत किट नव्हतंच. सिगारेट लायटरमध्ये घालतो तो १२ व्होल्टचा साधा मोबाइल चार्जर फोडून, त्याच्या पोटातला तुकडा काळ्या टेपमध्ये गुंडाळून डॅशबोर्डच्या मागे कोंबला होता. त्याला १२ व्होल्ट हवेत म्हणून पोराने दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून वायर घेतली होती. म्हणजे कॅमेरा रात्रंदिवस एकाच बॅटरीचं, अर्थकडच्या बॅटरीचं, रक्त पीत होता. दुसरीला हात लागत नव्हता.

काकांनी गाडी जंपरने चालू करून मीटर लावला. दोन्ही मिळून २८ व्होल्ट, म्हणजे वरून पाहिलं तर चार्जिंग ठणठणीत. मग एकेक बॅटरी वेगळी मोजली: एकीवर १२.९, दुसरीवर १५.१. डायनामोला एकूण आकडा तेवढा कळतो. तो २८ देतो, पण रिकामी बॅटरी आपला वाटा घेत नाही आणि भरलेलीच्या अंगावर जास्त पडतं. रिकामी कधी भरत नाही, भरलेली उकळून तिचं पाणी आटतं. काकांनी दुसरीची बुचं उघडली तर प्लेटा वर दिसत होत्या. महिन्याभरात नव्या जोडीतली एक उपाशी आणि एक होरपळलेली.

हिशोब त्यांनी बोटांवर करून दाखवला. कॅमेरा १२ व्होल्टवर अर्ध्या अॅम्पिअरच्या थोडा आत ओढतो. दिवसाला साधारण १० अॅम्पिअर-तास. सात दिवसांत ७०, १०० अॅम्पिअर-तासाच्या बॅटरीतून. मग सेल्फ फिरणार कसा? खऱ्या कट-ऑफने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कॅमेरा बंद केला असता आणि गाडी चालू झाली असती. 'सात दिवस कॅमेरा चालू राहील आणि बॅटरीलाही काही होणार नाही' असं जो म्हणतो, त्याच्याकडे एक तर कट-ऑफ नाही किंवा तो खोटं बोलतोय. वेगळी बॅटरी लावल्याशिवाय असा कॅमेरा आठवडाभर अखंड चालेल, यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट निघाली. किटला तीन वायरी असतात: कायम चालू, किल्लीबरोबर चालू होणारी आणि अर्थ. किल्लीची वायर गेली की कॅमेऱ्याला कळतं की गाडी थांबली, आता पार्किंगच्या पद्धतीने कमी फ्रेमचं किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग करायचं. माझ्या कॅमेऱ्याला किल्लीची वायरच दिली नव्हती. त्याच्या दृष्टीने गाडी चोवीस तास धावतच होती. लाल दिवा पेटायचा, मी निर्धास्त झोपायचो. पार्किंग रेकॉर्डिंग म्हणून ज्याचे पैसे भरले, ते एका रात्रीही झालं नाही.

पण मला सगळ्यात भीती वाटली ती वायर पाहून. बॅटरीपासून केबिनपर्यंत बारीक वायर, मध्ये फ्यूज नाही, नळी नाही. केबिन पुढे उचलते त्या बिजागरीजवळ घासून तिचं रबर गेलं होतं आणि तांबं चमकत होतं. ते चेसिसला टेकलं असतं तर वायर लाल होऊन पेटली असती, कारण अडवायला फ्यूजच नव्हता. मी त्या केबिनमध्ये झोपतो.

काकांनी पकड हातात घेतली तेव्हा मी त्यांना थांबवलं. आधी सगळ्याचे फोटो काढले: मधल्या पट्टीवरची वायर, टेपमधला चार्जर, घासलेली जागा, मीटरवरचे दोन आकडे. मगच वायर तोडली. काकांनी आपल्या हाताने काय दिसलं ते लिहून सही करून दिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्ती करणाऱ्याला आधी थांबवा. एकदा वायर निघाली की दुकानदार म्हणणार, आमचं काम असं नव्हतंच.

दुकानात फोटो घेऊन गेलो. मालक आधी म्हणाला, पोरगा काम सोडून गेला. मग म्हणाला, गॅरंटी कॅमेऱ्याची, वायरिंगची नाही. शेवटी २,००० देतो, विषय मिटवा, असं म्हणाला. मी घेतले नाहीत. घेताना 'तक्रार नाही' असं लिहून मागत होता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. काही जणांनी मला घाबरवलं, की ट्रक म्हणजे धंदा, ग्राहक म्हणून दाद मिळत नाही. तसं नाही. पोटापाण्यासाठी स्वतःच गाडी चालवणारा माणूस २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझी अडचण एकच, ती चिठ्ठी. पक्कं बिल नाही. नशिबाने पैसे मोबाइलवरून दिले होते, त्याची नोंद बँकेत आहे, आणि बॅटऱ्यांच्या वॉरंटी कार्डावर त्याच दुकानाचा शिक्का आहे.

काकांनी दुसरं किट बसवलं तेव्हा मी चार तास शेजारी उभा होतो. २४ व्होल्टचं किट, कट-ऑफ २४च्या जवळ. फ्यूज बॉक्समधल्या कायम चालू फ्यूजवरून वायर घेतली, तिला स्वतंत्र छोटा फ्यूज, किल्लीची वायर वेगळी, अर्थ केबिनच्या बोल्टला रंग खरवडून. किल्ली काढल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पार्किंगची खूण आली, ती काकांनी मला तीनदा दाखवली. कार्ड नवं, अखंड रेकॉर्डिंगसाठीचं. भाच्याने पूर्ण भरून तपासल्यावरच आत घातलं.

आता दर रविवारी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजतो आणि वहीत लिहितो. मीटर ४०० रुपयांचा. गेल्या रविवारी १२.६ आणि १२.६. उत्तर गोवा जिल्हा आयोगासाठी अर्ज लिहून झालाय, फोटो जोडलेत, काकांचा कागद वर लावलाय. पुढच्या फेरीहून आलो की देऊन येणार आहे.