आय-२० यायच्या आधीच सेविस फी मागितली, तिथेच मला कळायला हवं होतं

अमेरिकेत मेकॅनिकलमध्ये एमएस करायचं म्हणून एका कन्सल्टन्सीत नाव घातलं आणि २,४९० डॉलर गेले. त्यांची फी ४००, सहा विद्यापीठांची अर्ज फी प्रत्येकी ९० प्रमाणे ५४०, 'सीट पक्की करायला' डिपॉझिट १,२०० आणि सेविस फी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी अमेरिकन सरकार घेतं ती फी, ३५०. सहापैकी एकही अर्ज भरलेलाच नव्हता. हातात आलेलं अ‍ॅडमिट लेटर खोटं होतं.

"एवढी शिकलेली, कळलं कसं नाही?" घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलं. जीआरई आणि टोफेल या प्रवेशाच्या परीक्षा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि एसओपी (अर्जासोबतचा, का शिकायचंय ते सांगणारा निबंध), सगळं एकदम अंगावर आलं होतं. डेडलाइन चुकायला नको म्हणून अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड कन्सल्टन्सीनेच तयार केला, आणि मला तेव्हा बरंच वाटलं. तुम्ही असलं काही करू देऊ नका. अर्ज स्वतःच्या ईमेलवरून करा, पोर्टल रोज स्वतः उघडा.

पण तो एक दिवस डोक्यातून जात नाही. कन्सल्टन्सीचे सर म्हणाले, सेविस फी आजच भर, आय-२० आठवड्यात येईल. (आय-२० म्हणजे प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ देतं तो व्हिसासाठीचा फॉर्म.) रात्री मी स्वतः त्या फीचा आय-९०१ फॉर्म उघडला होता. त्यात सेविस आयडी मागितला होता, 'एन'ने सुरू होणारा. तो आय-२० वर छापलेला असतो, आणि माझ्याकडे आय-२० होताच कुठे! मी विचारलं. "अगं, विद्यापीठ सगळ्यांची एकत्र भरतं, तू फक्त माझ्या खात्यावर टाक." खरी फीसुद्धा ३५० डॉलरच आहे. आकडा जुळला आणि मी गप्प बसले. ही फी थेट सरकारकडे भरायची असते, एजंटच्या खात्यावर कधीच नाही.

पुढे व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरायला बसले, तिथेही सेविस आयडी मागितला. सरांचा फोन बंद.

पोलिसांकडे चार चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा हे आमच्याकडे येत नाही, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, मग चोरी कसली? चौथ्या वेळी नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर चिडले. बँकेने व्यवहार 'ग्राहकाच्या संमतीने' झाल्याचं लेखी कळवलं. विद्यापीठाचं उत्तर दोन ओळींचं: या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. त्यांचा लोगो लावलेलं खोटं पत्र सोबत जोडलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. ज्यांच्या नावावर हा धंदा चालतो त्यांनाही काही वाटत नसेल, तर आम्ही जायचं कुणाकडे?

अजून एक. एलओआरसाठी, म्हणजे शिफारसपत्रांसाठी, प्राध्यापकांच्या नावाने जीमेल खाती उघडतो असं एजंट म्हणाले, तर तिथूनच उठा. पकडलं गेलं तर तुमचा अर्ज बाद होतो, त्यांचं काही जात नाही.

माझं फॉलचं सत्र गेलं. तुमचं अ‍ॅडमिट लेटर एजंटमार्फत आलं असेल, तर विद्यापीठाच्या 'डॉट ईडीयू' वेबसाइटवरून अ‍ॅडमिशन ऑफिसचा पत्ता शोधा आणि आजच मेल टाका. एजंटला न सांगता.