खर्च लिहिणारं फुकट ॲप: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

आधी कामाचं बोलतो. बँकेचा मेसेज आला की ॲप तो वाचतं आणि खर्च आपोआप मांडतं. ठाणे-दादर पास, ऑफिसखालची थाळी, वाण्याचं बिल, महिनाअखेर सगळं समोर. बाहेरच्या खाण्याचा आकडा पाहून बायकोने माझी हजेरी घेतली, त्याचं श्रेय ॲपलाच. इथे तक्रार नाही.

किंमत मात्र कुठे लिहिलेली नाही. त्याच इनबॉक्समध्ये पगार कधी झाला, खात्यात किती उरले, आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट कुठून आला, हेही असतं. गणपतीच्या तोंडावर पगार लांबला, खात्यात खडखडाट, आणि ॲप उघडताच वर पट्टी: 'खास तुमच्यासाठी झटपट कर्ज'. म्हटलं असेल योगायोग. पगार जमा झाला आणि त्याच जागी म्युच्युअल फंड आला, तेव्हा योगायोग म्हणणं सोडलं.

या माहितीचं मोल किती? २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकची दर वापरकर्त्यामागची सरासरी कमाई अमेरिका-कॅनडात ६८.४४ डॉलर होती, आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२. आपण तसे स्वस्तातलेच. पण तिथे लाइक आणि फोटो. कर्ज विकणाऱ्याला पगाराची तारीख त्याहून मोलाची वाटणारच.

या ॲपला कॉन्टॅक्ट्सही हवे होते. थाळीचे पैसे लिहायला मेहुण्याचा नंबर कशाला? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असंच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले आणि तुम्ही हो म्हटलंत, तरी ती संमती सल्ल्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि अंमलबजावणीही टप्प्याटप्प्याने, त्यामुळे सध्या आपली राखण आपणच करायची.

मी सेटिंग्जमध्ये जाऊन एसएमएस आणि कॉन्टॅक्ट्स दोन्ही परवानग्या काढल्या. ॲप तरीही चालतं. खर्च हाताने लिहावा लागतो. मुलुंड ते ठाणे तेवढ्यात होतो, बसायला मिळालं तर. उघडताना दर वेळी परवानगीसाठी गयावया करतं, ते सोसायचं. पैसेवाला प्लॅनही पाहिला: जाहिराती जातात, मेसेज वाचणं तसंच राहतं. मग पैसे कशाचे? घेतला नाही.

जुना डेटा पुसा म्हणून मेल टाकलाय. 'विनंती प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर आलंय. तूर्त तीन स्टार. पुसल्याचं कळवलं तर चौथा देईन.